एकच उदाहरण, तीन चुका



मी गणिताचा शिक्षक; तेव्हा सुरुवातही गणितानेच करतो. तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर ४२ वजा १७ हे उदाहरण घातले होते. उत्तर २५. दोन मुलांनी ३५ लिहिले, एका मुलीने ५२. तिघांच्याही वह्यांवर मी सारखीच फुली मारली आणि प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा लिहून मोकळा झालो.

शेरा वाचून पहिल्या मुलाचे वडील शाळेत आले. “सर, याच्या डोक्यात काही शिरत नसेल तर शाळा बंद करून दुकानावर बसवतो. तिथे हिशेब तरी बरोबर करतो.” मी चपापलो. हिशेब येणारा मुलगा वजाबाकीत नापास कसा? त्याला जवळ बोलावून विचारले, “माल सतराचा, गिऱ्हाइकाने बेचाळीस दिले. परत किती?” तो पटकन म्हणाला, “सतरा नि तीन वीस, वर बावीस. पंचवीस!” कागदावर मात्र दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातूनच दोन काढले होते. मग खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दिले आणि एक सोडायला लावला. हातचा म्हणजे मोडलेली दहाची नोट, हे त्याला चार दिवसांत उमगले.

दुसऱ्याचे ३५ निराळे. मागच्या बाकावरून त्याला ४ चा ५ दिसे. ५२ मधून १७ त्याने अचूक वजा केले होते. त्याला शिकवणी नव्हे, चष्मा हवा होता.

मुलीने पंचवीस बरोबर काढले होते. पण मराठीत काय, उर्दूत काय, आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर. तिने ऐकले तसे लिहिले. याच अडचणीसाठी २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले, तेव्हा त्याची केवढी थट्टा झाली! मी तिच्याकडून दोन्ही म्हणवून घेतले. अशी उलटापालट वर्षानुवर्षे सुटत नसेल तर मात्र तपासणी करून घ्या, लाजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

भरलेल्या वर्गात हे रोज जमते असे मी म्हणणार नाही. शनिवारचा एक तास मी त्यासाठी राखतो. तुमचीही मदत हवी. पालकसभेला येताना प्रगतिपुस्तक राहू द्या. मुलाची कच्ची वही तेवढी बरोबर आणा.