उचल, ठेव, परत उचल: फरशीवरच्या रोबोटची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं फारशी बदललेली नाहीत.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे कंट्रोल स्ट्रक्चर. नाव ऐकून घाबरू नका. ज्यांचा कोडिंगशी काही संबंध नाही त्यांनीसुद्धा थांबा, कारण गोष्ट शेवटी घरापर्यंत येते.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, नारायणगडाच्या परिसरातल्या गावचा. नगद नारायण महाराजांचा गड, धाकटी पंढरी म्हणतात त्याला. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही, ते गडावर येतात. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली, आता निम्मं काम घरून चालतं. गेल्या मे महिन्यात गावातच होतो. दुपारी पोरं मोबाईलवर गेम खेळत बसायची. म्हटलं, चला, गेम आतून कसा चालतो ते दाखवू. कॉम्प्युटर एकच, तोही माझ्या ऑफिसचा, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून कॉम्प्युटरशिवाय शिकवायचं ठरवलं.

त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. 1981 साली रिचर्ड पॅटिस नावाच्या अमेरिकेतल्या शिक्षकाने 'कॅरल द रोबोट' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात एक काल्पनिक जग आहे. आडवे-उभे रस्ते, काही भिंती, इकडेतिकडे पडलेले बीपर आणि एक रोबोट. त्या रोबोटला फक्त पाच गोष्टी येतात: पुढे जा, डावीकडे वळ, उचल, ठेव, बंद हो. बस. उजवीकडे वळणंसुद्धा येत नाही.

रोबोटचं नाव कॅरल का? तर चेक लेखक कॅरल चापेक याच्यावरून. 'रोबोट' हा शब्द त्याच्या 1920 सालच्या नाटकातून जगभर गेला. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. आणि तो आला 'रोबोता' या चेक शब्दावरून. रोबोता म्हणजे वेठबिगारी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आम्ही काय केलं? ओसरीवरची शहाबादी फरशी हेच जग. एक फरशी म्हणजे एक चौकोन. विटा मांडल्या, त्या भिंती. बीपरच्या जागी चिंचोके. रोबोट म्हणजे एक पोरगं, डोळ्यांना रुमाल बांधलेलं. त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. तो फक्त दोन-चार प्रश्न विचारू शकतो: समोर मोकळं आहे का? पायाखाली चिंचोका आहे का? बाकीची पोरं कागदावर प्रोग्राम लिहिणार, आणि एकाने तो मोठ्याने वाचायचा. मधे सूचना द्यायची नाही. एकदा प्रोग्राम सुरू झाला की झाला.

पहिला दिवस उजवीकडे वळण्यात गेला. एका पोराने शोधून काढलं: तीनदा डावीकडे वळलं की उजवीकडे तोंड होतं. मग आम्ही त्याला नाव दिलं, 'उजवीकडे वळ'. आता रोबोटला सहावी गोष्ट यायला लागली. प्रोग्रामिंगमधला फंक्शन हा प्रकार बहुतेक इतकाच आहे. येतं तेवढ्यातून नवीन बनवायचं आणि त्याला नाव द्यायचं.

आता मुद्द्यावर येतो. कितीही मोठा प्रोग्राम असला, तरी त्याचा ओघ तीनच प्रकारांनी मांडता येतो. एक, क्रम: हे कर, मग ते कर. दोन, निवड: असं असेल तर हे कर, नाहीतर ते. तीन, फेरी: अमुक आहे तोवर करत राहा. या तिघांवर सगळं भागतं हे बोम आणि जाकोपिनी या दोघांनी 1966 साली गणिताने सिद्ध केलं. त्याआधी 'गो टू' नावाची सूचना सर्रास वापरली जायची, म्हणजे प्रोग्राममधून कुठूनही कुठेही उडी. 1968 मध्ये डाइक्स्ट्रा या शास्त्रज्ञाने त्याविरुद्ध एक पत्र छापलं. त्याचं म्हणणं असं, की उड्या मारत गेलं तर वाचणाऱ्याला आपण नक्की कुठे आहोत तेच कळत नाही. वारीत दिंड्यांना क्रम असतो तो कशासाठी? कोण कुठे आहे ते कळावं म्हणून. जो तो वाटेल तिथे घुसला तर चोपदारालाही सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांना काम दिलं: दहा फरश्यांची एक ओळ आहे, शेवटी भिंत आहे, ओळीतले सगळे चिंचोके गोळा करा. पोरांनी लिहिलं:

समोर मोकळं आहे तोवर,
पुढे जा,
पायाखाली चिंचोका असेल तर उचल.

छान दिसतंय ना? चालवलं, आणि एक चिंचोका राहिला. पहिल्याच फरशीवरचा. रोबोट आधी पुढे जातो आणि मग बघतो, त्यामुळे जिथे उभा होता तिथलं कधी बघतच नाही. फरश्या दहा, पण पावलं नऊ. कुंपण घालणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं: दहा खांब रोवले की मधले गाळे नऊच भरतात. माझ्यासारखे इंजिनिअर आजही या एका आकड्यापायी अर्धी रात्र घालवतात.

ही चूक पकडली ती आठवीतल्या एका मुलीने. तिचं नाव सांगत नाही. म्हणाली, "दादा, निघायच्या आधी पायाखालचं बघायला पाहिजे ना." एक ओळ फेरीच्या वर लिहिली, काम झालं. मग मी एका फरशीवर तीन चिंचोके ठेवले. रोबोटने एकच उचलला. परत तीच मुलगी: "तुम्ही 'असेल तर' म्हणालात. ते एकदाच होतं. 'आहे तोवर' पाहिजे." मला कॉलेजात हा फरक डोक्यात शिरायला एक सेमिस्टर लागलं होतं, खरं सांगतो.

आणखी एक गोष्ट, जी भल्याभल्यांची चुकते. 'आहे तोवर' म्हटलं की आपल्याला वाटतं, रोबोट सारखा लक्ष ठेवून आहे. तसं नसतं. अट फक्त फेरीच्या तोंडाशी तपासली जाते. एकदा फेरीत शिरला की आतली सगळी कामं होणार, मधे अट मोडली तरी. फेरीत दोनदा 'पुढे जा' लिहिलं आणि एकाच पावलावर भिंत आली, तर रोबोट भिंतीवर आदळणार. कॅरलच्या जगात आदळला की तो कायमचा बंद पडतो. आमच्यात रोबोट झालेल्या पोराचा अंगठा ठेचला, एवढंच.

मोठ्या गेममध्येही हेच चालतं. पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' गेम ऑक्टोबर 2024 मध्ये आला. त्यातलं काल्पनिक जग आहे विरलोक. तिथे जिंकायची अट साध्या बॅटल रॉयलपेक्षा वेगळी आहे: शेवटी एकटे जिवंत राहा, किंवा कॉस्मियम नावाची गोष्ट ताब्यात घ्या. एक 'किंवा' वाढला आणि सगळा डाव बदलला. आता शेवटपर्यंत लपून बसून भागत नाही. म्हणजे खेळाडूने कसं वागावं हे त्याला कुणी सांगत नाही, पण थांबायची अट काय ठेवली आहे त्यावरून तो तसा वागतो.

आणि अट चुकली तर? 1980 चा पॅक-मॅन घ्या. त्यात पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला, म्हणजे 0 ते 255. 256 व्या पातळीला तो फिरून शून्यावर येतो. खाली फळांची चित्रं काढणारी फेरी त्यामुळे 256 वेळा फिरते आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग कचऱ्याने भरून जातो. तिथे पुरेसे ठिपकेच उरत नाहीत, त्यामुळे पातळी पूर्ण होऊ शकत नाही. खेळाडू कितीही हुशार असला तरी तिथून बाहेर पडायला वाट नाही.

हे मी अनुभवाने बोलतोय. पहिल्या नोकरीत मी ग्राहकांना मेसेज पाठवणारा कोड लिहिला होता. 'पोचल्याची पावती येत नाही तोवर परत पाठव.' एका रात्री मेसेज पोचत होते, पावती येत नव्हती. सकाळपर्यंत लोकांना एकच मेसेज शेकड्याने गेलेला. दुरुस्ती दोन ओळींची होती: तीनदाच प्रयत्न कर, आणि दर वेळी जास्त थांब. पण त्या दोन ओळी कुणी लिहायच्या होत्या? मीच.

आता तिसरा दिवस. त्याच्यासाठीच हा भाग केलाय.

मला पोरांना न संपणारी फेरी दाखवायची होती. मी लिहिलं:

पायाखाली चिंचोका आहे तोवर,
उचल,
ठेव.

रोबोट झालेलं पोरगं वाकलं, चिंचोका उचलला, ठेवला. अट तपासली, चिंचोका आहेच. परत उचलला, परत ठेवला. पोरं हसून हसून लोळली. दहा-बारा वेळा झाल्यावर ते म्हणालं, "दादा, कंबर दुखायली, थांबवा की." मी म्हटलं, तुला थांबता येत नाही, तू रोबोट आहेस.

ती मुलगी हसत नव्हती. म्हणाली, "दादा, आमच्याकडं उचल म्हणजे मुकादमाची. आमचं बी असंच हाय. उचल घ्यायची, फेडायची, परत उचल."

बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. मग जेवढा ऊस तोडला तेवढे टन, त्यातून उचल फिटते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. पोरं बरोबर जातात, शाळा सुटते. ही मुलगी मार्चअखेर परत आलेली, म्हणून वर्गात एवढी हुशार आणि गणिताच्या वहीत अर्धं वर्ष कोरं.

मला काय बोलावं कळेना. चिंचोके मांडताना हा शब्द माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी इथलाच असून.

मग मी तिला खरं तेच सांगितलं, जे आम्हाला शिकवतात. फेरी संपणार की नाही हे ओळखायची एक खूण आहे. प्रत्येक फेरीत कोणता तरी आकडा कमी झाला पाहिजे, आणि त्याला तळ पाहिजे. ओळीतला रोबोट दर पावलाला भिंतीच्या जवळ जातो, अंतर कमी होतं, म्हणून तो थांबतो. 'उचल, ठेव' मध्ये काहीच कमी होत नाही, म्हणून ते थांबत नाही.

ती लगेच म्हणाली, "मग आमची उचल कमी होती का नाही, ते कुणाला ठाऊक? टनाचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो."

मंडळी, मी बरेच कोड रिव्ह्यू केलेत. एवढा नेमका प्रश्न क्वचित ऐकलाय. अट तपासायला आकडा लागतो. तो आकडाच दुसऱ्याच्या हातात असेल, तर आपण डोळ्याला रुमाल बांधलेला रोबोट.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. रोबोटला पोट नसतं. दवाखाना, लग्न, पाऊस न पडणं, हे सगळं मधेच त्या आकड्यात भर घालतं. आणि कोयता धरणाऱ्याने तो प्रोग्राम लिहिलेला नाही, त्यामुळे चूक त्याची नाही. कोडिंग शिकलं की उचल फिटते असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. कायदा, दर, पाणी, शाळा, पोरांची हंगामी वसतिगृहं, हे सगळं ज्यांच्या हातात आहे त्यांनी करायचं आहे.

पण तिने एक केलं. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि मला रकाने आखून मागितले: तारीख, गाडी, टन, खर्ची, बाकी. आईला अक्षर येत नाही, आकडे येतात. म्हणाली, "मी वसतिगृहात राहिले तर आई लिहील, बरोबर गेले तर मी लिहीन." शेवटचा रकाना तिने स्वतः वाढवला: 'मागच्या आठवड्यापेक्षा कमी का जास्त'. मी तिला ते सांगितलं नव्हतं.

पुस्तकातल्या रोबोटला वेठबिगारीवरून नाव पडलं. त्याला कधी विचारता येत नाही, की ही अट कुणी लिहिली. माणसाला विचारता येतं. पोरांना कोडिंग शिकवायचं असेल तर माझ्या मते त्याच्यासाठी शिकवावं. नोकरीचं पुढे बघता येईल.

दसरा जवळ आलाय. गावात गाड्या ठरायला लागल्यात. ती वसतिगृहात राहणार की फडावर जाणार, हे मी बोलतोय तोवर तरी ठरलेलं नाही. वही मात्र दप्तरात आहे, मी बघितली.

तुमच्या ओळखीत आठवी-नववीची पोरं असतील तर चार विटा आणि मूठभर चिंचोके घ्या, आणि हा खेळ खेळून बघा. कॉम्प्युटर लागत नाही. काय चुकलं, कुठे हसलात, ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू. राम कृष्ण हरी.