क्लॅरिस क्लिफची कपबशी

आज क्लॅरिस क्लिफची ओळख करून घेऊ.

इंग्लंडमधल्या टन्सटॉल इथं १८९९ साली ती जन्मली. तो सगळा भाग चिनीमातीच्या कारखान्यांचा. १३ वर्षांची असताना ती कारखान्यात भांडी रंगवायला लागली. पुढं १९२७ मध्ये मालकानं तिला गोदामात पडून राहिलेला जुना, डागी माल रंगवायला दिला. तिनं त्यावर केशरी, पिवळे, निळे भडक त्रिकोण काढले. डाग झाकले गेले! या मालाला तिनं नाव दिलं ‘बिझार’, म्हणजे विचित्र. तो भराभर खपला. १९३० मध्ये ती कला-संचालक झाली. कामगार बाईला असा मान तेव्हा क्वचितच मिळे. हाताखाली ७०च्या आसपास रंगवणारे, बहुतेक मुलीच. भांड्याच्या तळाला छापील नाव मात्र एकट्या क्लॅरिसचं. मला तर आधी त्या मुलींचीच नावं विचारावीशी वाटतात.