पहिल्या नोकरीची निवड

पदवी हातीं आली तरी नोकरी मिळत नाहीं, ही तक्रार घरोघरीं ऐकूं येते. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें निराळ्याच अडचणीविषयीं. एकाच वेळीं दोन नोकऱ्या दारांत येऊन उभ्या राहिल्या, तर त्यांतली कोणती घ्यावी? अडचण सुखाची खरी. पण उत्तर आठवड्याच्या आंत द्यावयाचें असतें, घरांतील चार माणसें चार दिशांनीं ओढीत असतात, आणि ज्यानें निवड करावयाची त्याचें वय अवघें २२ वर्षांचें असतें. मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. विश्वविद्यालयाची पायरी मी चढलों नाहीं. तेव्हां या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, कीं ३८ वर्षें मीं मुलें शिकविलीं, आणि त्यांतील एका मुलीनें अशीं दोन पत्रें माझ्यापुढें आणून ठेविलीं.

मुलगी पुण्यांतली. चौथीपर्यंत माझ्या वर्गांत होती. पुढें अभियांत्रिकीची पदवी तिनें चांगल्या गुणांनीं मिळविली. वडिलांचा लहानसा छापखाना; शिक्षणासाठीं बँकेचें ६ लाखांचें कर्ज काढलेलें. एक पत्र होतें गुरुग्राम येथील एका पेढीचें. जगभर तिच्या शाखा, आणि पगार वर्षाला १४ लाख. दुसरें पुण्यांतीलच एका लहान पेढीचें. पगार १० लाख. दोन्ही पेढ्या सल्लागारीच्या, म्हणजे ज्याला आज सर्वत्र कन्सल्टिंग म्हणतात त्या धंद्यांतल्या. वडील म्हणाले, “मास्तर, यांत विचार तो काय करावयाचा? चौदा हे दहापेक्षां जास्त.” आणि खरें सांगतों, प्रथम मलाही तसेंच वाटलें.

परंतु मुलीच्या आईनें एक प्रश्न केला. “हीं मोठमोठ्या कारखान्यांचीं माणसें माझ्या पोरीचा सल्ला कशाला घेतील?” प्रश्न भोळा दिसला, तरी मर्माचा होता. या धंद्याचें नांव एक असलें, तरी कामें निदान तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार, कारभाराची दिशा ठरवून देणाऱ्यांचा. १९२६ सालीं शिकागो येथें जेम्स मॅकिन्सी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकानें आपल्या नांवाची पेढी काढली. १९६३ सालीं बोस्टन येथें ब्रूस हेंडरसन यांनीं दुसरी उभी केली. १९७३ सालीं त्या दुसरींतून बाहेर पडून बिल बेन यांनीं तिसरी काढली. दुसरा प्रकार, डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय व केपीएमजी या चार मोठ्या पेढ्यांचा. हिशेबतपासणीच्या जोडीला कर, जोखीम व कारभार यांविषयींही त्या सल्ला देतात. तिसरा प्रकार, गिऱ्हाइकाच्या घरीं संगणकाची यंत्रणा बसवून ती चालती करून देणाऱ्यांचा; १९६८ सालीं आरंभ झालेल्या टाटांच्या प्रसिद्ध संस्थेच्या नांवांतच कन्सल्टन्सी हा शब्द आहे. तेव्हां “कन्सल्टिंगमध्यें नोकरी मिळाली” एवढ्यानें कांहींच कळत नाहीं. त्यांतलें कोणतें काम, हें पत्र देणाऱ्यालाच विचारून घेतलें पाहिजे.

आणि आईच्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं नवशिक्या माणसाकडून सल्ल्याची अपेक्षा कोणी करीत नाहीं. त्यानें आंकडे गोळा करावयाचे, ते पडताळावयाचे, गिऱ्हाइकाच्या माणसांना भेटून माहिती काढावयाची, तक्ते व टिपणें तयार करावयाचीं. सल्ला देतात ते वरचे. म्हणजे पहिलीं दोन वर्षें ही उमेदवारीच होय.

आतां पैशाकडे वळतों. कारण पैशाचा विचार हलका, असें मानणारा मी नव्हे. ज्या घरावर कर्ज आहे त्या घरानें तो अवश्य करावा, मात्र नीट करावा. आम्हीं गुरुग्रामचें पत्र घेऊन पाटीवर वजाबाकी मांडली. चौदांपैकीं २ लाख रुजू होतांना एकदांच मिळावयाचे, आणि वर्षाच्या आंत नोकरी सोडली तर परत करावयाचे. दीड लाख कामगिरीवर अवलंबून. तेही जास्तीत जास्त. भविष्यनिर्वाह निधींत मालकानें भरावयाचे ६० हजार, आणि ग्रॅच्युइटीपोटीं दाखविलेले २४ हजार. ही ग्रॅच्युइटी कायमच्या नोकराला साधारणतः सलग ५ वर्षें झाल्यावरच पदरांत पडते. राहिले ९ लाख ६६ हजार. म्हणजे महिन्याला ८० हजार ५००. त्यांतून तिनें स्वतः निधींत भरावयाचे ५ हजार वजा जातां ७५ हजार ५००. आयकर निराळा. पुण्याच्या पत्रांत एकरकमी देणगीही नव्हती आणि कामगिरीची रक्कमही नव्हती. निधि व ग्रॅच्युइटी वजा जातां तोच आंकडा ७१ हजार ३०० च्या घरांत आला. वर्षाचें चार लाखांचें अंतर महिन्याला सुमारें ४ हजारांवर येऊन ठेपलें!

नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असें मात्र मी म्हणणार नाहीं. निधींतला पैसा तिचाच आहे, आणि कामगिरीची रक्कम मिळेलही. पण महिन्याचा संसार हातांत येणाऱ्या पैशावर चालतो, पत्राच्या माथ्यावरील आंकड्यावर नव्हे. गुरुग्रामला खोलीभाडें व जेवणखाण यांस महिन्याला ३० हजार धरले. पुण्यास ती घरींच राहणार. या हिशेबानें मोठ्या पगाराची नोकरीच तिला महिन्याला सुमारें २६ हजारांनीं महाग पडत होती. कर्जाचा हप्ता १० हजारांचा. तो दोन्हीकडे निभावत होता. वडील पाटीकडे पाहत गप्प बसले. मीं तत्काळ मत फिरविलें. म्हटलें, “पोरी, पुण्यासच राहा.”

श्रोतेहो, माझें हेंही मत घाईचें होतें. मुलगी म्हणाली, “गुरुजी, पैशाचें कळलें. शिकायला कोठें मिळेल, हें अजून कोठें कळलें आहे?” दोन्ही पेढ्यांना तिनें नम्रपणें लिहिलें, कीं आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीं लागलेल्या एखाद्या माणसाशीं मला बोलावयाचें आहे. दोघांनींही आनंदानें भेट घडवून दिली. अशी विनंति करण्यांत उद्धटपणा आहे, असें पुष्कळ मुलांना वाटतें. तो समज चुकीचा आहे.

तिनें दोघांनाही तेच प्रश्न विचारले. पहिल्या वर्षीं हातांत कोणतें काम पडलें? काम नसेल तेव्हां काय करतां? आठवड्यांतून किती दिवस गिऱ्हाइकाच्या गांवीं काढावे लागतात? नोकरी सोडतांना किती दिवसांची सूचना द्यावी लागते? आणि शेवटचा प्रश्न, माझ्या मतें सर्वांत मोलाचा : तुम्ही लिहिलेलें टिपण कोण तपासतें?

पुण्याच्या पेढींत काम एकाच तऱ्हेचें होतें, रुग्णालयांच्या कारभाराचें. मालक हुशार व सज्जन. पण सदा बाहेरगांवीं. तेथला तरुण प्रांजळपणें म्हणाला, “माझीं टिपणें बहुधा तशींच गिऱ्हाइकाकडे जातात, पाहायला कोणास सवड नसते.” गुरुग्रामच्या तरुणीनेंही कांहीं लपविलें नाहीं. सोमवार ते गुरुवार परगांवीं, रात्रीं उशीरपर्यंत काम, आणि दोन-तीन वर्षांत बढती झाली नाहीं तर दुसरीकडे वाट शोधावी, अशी रीत. कित्येक मोठ्या सल्लागार पेढ्यांची ही रीतच आहे : वर चढा, नाहीं तर बाहेर पडा. पण पुढें ती म्हणाली, “माझें पहिलें टिपण वरच्या बाईंनीं सात वेळां परत पाठविलें. प्रत्येक वेळीं माझ्याजवळ बसून चूक दाखविली.”

मुलीनें गुरुग्राम पत्करलें. ती मला म्हणाली, “जे २६ हजार कमी पडतात, ती मी फी समजतें. दोन वर्षांनीं त्यांनीं मला काढलें किंवा मीच निघालें, तरी शिकलेलें माझ्यापाशीं राहील.” आईचे डोळे भरले, वडिलांनीं मान डोलाविली. मला मात्र माझीच लाज वाटली. अडतीस वर्षें मीं वह्या तपासल्या. ज्या मुलाची वही तपासली जाते तेंच मूल पुढें जातें, हें माझ्याहून अधिक कोणास ठाऊक असावें? आणि नेमका तोच प्रश्न मला सुचला नव्हता.

न सुचण्याचें कारणही सांगून टाकतों. १९७८ सालीं माझ्याही हातीं दोन पत्रें होतीं. एक बँकेंतल्या कारकुनीचें, दुसरें शाळेचें. वडील म्हणाले, शाळा घराजवळ आहे. मीं बँकेचें पत्र उघडून पुरतें वाचलेंही नाहीं. शाळेनें मला पुष्कळ दिलें. तिची मला खंत नाहीं. पण निवड अशी मीं केलीच नाहीं, ही रुखरुख आजही आहे. म्हणून घरांतील वडील माणसांना माझी विनंति, कीं पाटीवर हिशेब जरूर मांडून द्या, आपली भीतीही बोलून दाखवा. शेवटचा शब्द मात्र मुलाला बोलूं द्या. हीच मुलगी पुण्यास राहिली असती, आणि तेथें टिपणें तपासणारा कोणी असता, तर तिची ती निवडही मला तितकीच योग्य वाटली असती. मोठी पेढी चांगली आणि लहान वाईट, असा धडा यांतून कोणी घेऊं नये.

एक लहानशी गोष्ट राहिली. निर्णय झाला त्याच सायंकाळीं तिनें पुण्याच्या पेढीला आभाराचें व नकाराचें पत्र धाडलें. पुष्कळ मुलें दोन्हीकडे होकार देऊन ठेवतात, आणि रुजू होण्याच्या दिवशीं एकीकडे फिरकत नाहींत. आपण अडवून ठेवलेल्या जागेसाठीं दुसऱ्या कोणाच्या तरी घरीं, कर्जाचा कागद पुढें घेऊन, कोणी वाट पाहत बसलेलें असतें. तें घर आपल्या घरासारखेंच आहे, एवढें ध्यानांत ठेवावें, आणि नकार वेळेवर कळवावा.