औषधाची खिडकी आणि घरबसल्या शिक्षण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत फरीदाबाद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि शिवकालावर विद्वानांची भाषणे आपण ऐकली. त्या मालिकेत औषधाच्या खिडकीआड पस्तीस वर्षे काढलेल्या बाईला उभे करावे, हे कार्यकारी मंडळाचे धाडसच म्हटले पाहिजे. विषय मात्र मी स्वतः मागून घेतला आहे. घरी बसून, आजच्या भाषेत ऑनलाइन, शिकून ‘फार्मसी टेक्निशियन’ होता येते काय, आणि झाल्यास पुढे काय, असा तो विषय आहे.

मागून घेण्याचे कारण सांगते. काही वर्षांपूर्वी आपल्याच वसाहतीतील एक सून माझ्याकडे आली. माहेर यवतमाळकडचे, बारावी विज्ञान झालेली, कडेवर दीड वर्षाचे मूल. हातात प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेले एक रंगीत प्रमाणपत्र होते. मूल दुपारी झोपले की मोबाइलवर पाठ ऐकायचे, रात्री भांडी आवरल्यावर प्रश्न सोडवायचे, असे तिने सहा महिने केले होते. शुल्कासाठी माहेरून आलेली पाटल्यांची जोडी मोडली होती. प्रमाणपत्र घेऊन ती बाजारातल्या एका औषधाच्या दुकानात नोकरी मागायला गेली. दुकानदार भला माणूस होता. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “रजिस्ट्रेशन नंबर कहाँ है, बेटी?” तो प्रश्न घेऊन ती माझ्याकडे आली होती.

मला तिला सांगावे लागले की असा क्रमांक त्या कागदामुळे मिळत नाही आणि मिळणारही नाही. ती रडली नाही. “काकू, मग मी शिकले ते खोटं होतं का?” एवढेच तिने विचारले. आज जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना गावच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आठवत असेल. मोठ्या बरणीतले लाल औषध बाटलीत ओतून, कागदाची पट्टी कात्रीने खाचा पाडून बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. तो कुठे शिकला, हे कोणी विचारीत नसे. इंग्रजी अमदानीत औषधांच्या बाजाराची जी अवस्था होती तिची चौकशी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०–३१ साली केली. बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी या शास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाला आरंभ केला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फार्मसी कायदा झाला. त्या कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमाचा मथितार्थ असा की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करणे, मिसळणे वा रुग्णाला देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टानेच करावयाचे. दुसऱ्या कोणी केल्यास तो दंडनीय अपराध होतो. दुकानदाराने तिला जो क्रमांक विचारला त्याचे मूळ येथे आहे.

आता ‘टेक्निशियन’ हा शब्द आला कोठून? तो अमेरिकेतला आहे. तेथे फार्मासिस्टाच्या हाताखाली गोळ्या मोजणारा, लेबले लावणारा, साठा सांभाळणारा असा एक मान्य वर्ग आहे. १९९५ साली त्यांच्या परीक्षेसाठी एक राष्ट्रीय मंडळही स्थापन झाले. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत, परंतु शिक्षणाचा मोठा भाग तेथे संगणकावर होऊ शकतो, आणि औषध रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वीची अखेरची तपासणी फार्मासिस्टाची असते. तेथल्या नियमाची एक गोष्ट आपल्या जाहिरातदारांनी सोयीस्करपणे गाळली आहे. २०२० पासून त्या मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम तरी पुरा केलेला असावा लागतो, नाहीतर निदान पाचशे तासांचा कामाचा अनुभव असावा लागतो. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत त्यांना हा मार्ग खुला आहे आणि तो चांगला आहे. आपल्या देशात मात्र अशा नावाचा नोंदणीकृत वर्गच नाही. शब्द विमानाने आला, त्यामागचा कायदा तिकडेच राहिला!

आपल्याकडे नोंदणीचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका, आपण जिला डी. फार्म. म्हणतो ती. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित हवे. दोन वर्षे महाविद्यालयात हजेरी हवी. आणि त्यावर पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, तेही तीन महिन्यांहून कमी काळात उरकता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने जे अभ्यासक्रम चालविण्यास मनाई केली आहे, त्यांत वैद्यक, परिचर्या यांच्या जोडीला फार्मसीचेही नाव आहे. पदविकेनंतर एक निर्गम परीक्षा असावी, असेही विनियम २०२२ साली निघाले. एवढा बंदोबस्त कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. मलाही तरुणपणी वाटत असे. ते वाटणे कसे गेले, ते सांगते.

मी लग्न होऊन १९८८ साली वर्ध्याहून येथे आले. पदविका आणि महाराष्ट्रातील नोंदणी जवळ होती. (ती नोंदणी हरियाणात चालत नाही, येथल्या राज्य परिषदेकडे नव्याने नाव घालावे लागते, हे मला इथे आल्यावर कळले. बदलीवर येणाऱ्या कुटुंबांनी ते निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.) पुढे एका धर्मादाय रुग्णालयाच्या औषधालयात जागा मिळाली. तेथले प्रमुख होते एक सत्तरीच्या घरातले गृहस्थ. त्यांना सारे लालाजी म्हणत. ते सरहद्द प्रांतातल्या बन्नूचे. फाळणीनंतर तिकडून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून हे नवे फरीदाबाद वसवले गेले, आणि त्यांतल्या कित्येकांनी स्वतःच्या हातांनी विटा रचून आपली घरे उभी केली, हे आपण जाणताच. येथल्या रुग्णालयाला त्यांनी बादशाह खानांचे नाव दिले होते. अशा माणसांपैकी लालाजी एक. महाविद्यालयाची पायरी ते कधी चढले नव्हते. बन्नूच्या इस्पितळात पोरवयात बाटल्या धुण्यापासून त्यांची विद्या सुरू झाली. १९४८ च्या कायद्याने पहिली नोंदवही तयार करताना, रुग्णालयात वा दवाखान्यात चिठ्ठीवरची औषधे देण्याचे काम निदान पाच वर्षे केलेल्यांनाही तीत जागा दिली होती. लालाजींचे नाव त्या दाराने आत आले होते. मी पदविकाधारक, मनातून त्यांना कंपाउंडरच समजत असे. हे आज कबूल करते.

१९९० च्या हिवाळ्यातली गोष्ट. खिडकीपुढे रांग लागलेली. एका प्रौढ बाईंची संधिवाताची चिठ्ठी आली. तीत मेथोट्रेक्सेट होते. हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, आणि इतर दिवशी त्याच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड देतात. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असे इंग्रजीत स्वच्छ लिहिले होते. मी ते वाचलेही होते. पण सकाळपासून दीडशे पाकिटांवर ‘रोज़ एक’ लिहून हाताला तेच वळण पडले होते, आणि मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर मी ‘रोज़ एक’ लिहून मोकळी झाले. बाई पदराच्या गाठीत पाकीट बांधून निघाल्या. लालाजी मागल्या टेबलावर हिशेब लिहीत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले, उठले, बाईंच्या मागोमाग दारापर्यंत गेले आणि पाकीट परत मागून आणले. मला एक शब्द बोलले नाहीत. नवे पाकीट घेऊन स्वतःच्या अक्षरात ‘सिर्फ़ इतवार को’ असे लिहिले, बाईंना तीनदा वदवून घेतले, आणि जुने पाकीट माझ्या पुढ्यात ठेवून पुन्हा हिशेबाला बसले.

हे औषध रोज घेतले तर काय होते, हे येथे बसलेले डॉक्टर जाणतात. अस्थिमज्जा रक्त तयार करीनाशी होते, तोंडात व्रण पडतात, साध्या संसर्गानेही माणूस दगावतो. मेथोट्रेक्सेटची मात्रा मला तोंडपाठ होती. परीक्षेत विचारली असती तर पूर्ण गुण मिळाले असते. ज्ञानात उणीव नव्हती. ते पाकीट मी पुढे कित्येक वर्षे माझ्या खणात ठेवले होते.

म्हणून पाचशे तासांचा हिशेब मला जाचक वाटत नाही. गर्दी असताना, वीज गेलेली असताना, रुग्ण ऐकू येत नाही म्हणून ओरडत असताना, कोणातरी जाणत्याच्या नजरेखाली चुकायचे आणि चूक दाराबाहेर जाण्यापूर्वी पकडली जायची, एवढ्यासाठी ते तास आहेत. मेटफॉर्मिन मधुमेहाचे आणि मेटोप्रोलॉल रक्तदाबाचे, हे पडद्यावर दोन मिनिटांत शिकता येते. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीतला ‘मेट’ एवढाच वाचता येत असेल तर कोणते द्यावे? कोणतेही देऊ नये. डॉक्टरांना फोन करावा आणि रांगेतल्या लोकांची बोलणी खावी. ते बोलणी खाणे कोणत्याही पाठात नसते.

तरीही घरबसल्या शिक्षणाला मी नावे ठेवणार नाही. २०२० साली महाविद्यालयांची दारे बंद झाली तेव्हा या पडद्यानेच मुलांचे वर्ष राखले. प्रयोगशाळा तेवढी हातची गेली. सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर २०१७ पासून कितीतरी विषयांचे पाठ उपलब्ध आहेत. औषधांची नावे, त्यांचे गट, कोणते औषध चिठ्ठीविना देता येत नाही, कोणत्या औषधाची विक्री वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते, हे सारे घरी शिकता येते. ज्या बाईला घराचा उंबरठा ओलांडायला चार माणसांची संमती लागते, तिला हे फार मोठे साधन आहे. औषधालयात सहायकाचे काम, साठ्याची नोंद, मुदत संपत आलेला माल वेगळा काढणे, बिले करणे, यांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत आणि ते कामाचेही आहेत. मात्र सहायक हा सहायकच. फार्मासिस्ट जागेवर नसताना चिठ्ठीवरचे औषध त्याने देऊ नये, आणि मालकाने “दे ग, काही होत नाही” म्हटले तरी देऊ नये. काही झाले की मालकाला वकील मिळतो, मुलीला आपणच.

राग येतो तो ‘सहा महिन्यांत घरबसल्या फार्मासिस्ट’ म्हणणाऱ्यांचा. परगावी आलेल्या कुटुंबांना ते नेमके हेरतात, कारण आपल्याला येथे चौकशी करायला मामा-काका नसतात. पैसे भरण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत. संस्था भारतीय फार्मसी परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे काय? ही यादी परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आणि या कागदावर राज्याची नोंदणी मिळते काय? उत्तरात “मॅडम, प्लेसमेंट शंभर टक्के” असे आले की उठून यावे.

त्या सुनेचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिले होते की, शिकलेले खोटे नव्हते. कागद खोट्या आशेने विकला होता. तिच्या सासूबाई येथे बसल्या आहेत, म्हणून अधिक बोलत नाही. एवढेच सांगते की, नातवाला सांभाळण्याची जबाबदारी त्यांनी आपण होऊन घेतली आणि सुनेला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मान्यताप्राप्त महाविद्यालयात धाडले. सहा महिने मोबाइलवर केलेला अभ्यास पहिल्या वर्षी तिच्या फार उपयोगी पडला. आता तिचे पाचशे तास चालू आहेत.

गेल्या महिन्यात रात्री तिचा फोन आला. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते, एका मिलिलिटरला चाळीस युनिट आणि शंभर युनिट. चाळिसाच्या सुईची टोपी लाल असते, शंभराच्या सुईची नारिंगी. शंभराचे इन्सुलिन चाळिसाच्या सुईने भरले तर अडीचपट मात्रा जाते. एका आजोबांनी शंभराची बाटली घेतली आणि “सुया घरी आहेत” म्हणून ते वळले. हिने विचारले, “बाबाजी, टोपी किस रंग की है?” आजोबा म्हणाले, लाल. तिने त्यांना थांबवून सुया बदलून दिल्या, वरिष्ठांना दाखवले, आणि घरी येऊन मला विचारीत होती, “काकू, मी बरोबर केलं ना?”

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या कार्यालयात असते. ज्यांना एखाद्या अभ्यासक्रमाची माहिती दाखवून घ्यावयाची असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी यावे. भरून झाले असतील, तरीही यावे.