ओव्हन घ्यावा खपाच्या मापानं



घोडेगाव म्हणजे कांद्याचा बाजार, शिवाय शनिशिंगणापूरचा फाटा. माणसांची वर्दळ आहे, तेव्हा घरच्या बाजरीची बिस्किटं, नानकटाई करून विकावी असं पुष्कळांच्या मनात येतं. विचार चांगला आहे. पण कर्ज काढून मोठा ओव्हन आणला आणि तो निम्मा रिकामा तापला, तर नफा तिथंच जळतो.

म्हणून आधी खप मोजा. समजा, २ ट्रेच्या ओव्हनात एका खेपेला १ किलो नानकटाई बसते. भाजणं, काढणं-भरणं धरून २० मिनिटं लागली, तर तासाला ३ किलो माल निघतो. रोजचा खप १५ किलो असेल तर ५ तासांत काम उरकतं. शनि अमावस्येची गर्दी पाहून माप ठरवू नका. नानकटाई टिकते, ती दोन दिवस आधी भाजून ठेवता येते.

आता इंधन. ६ किलोवॅटचा ओव्हन पूर्ण भारावर तासाला ६ युनिट वीज खातो. त्याला शेतीपंपाची जोडणी चालत नाही, वेगळी घ्यावी लागते. वीज वारंवार जात असेल तर गॅस बरा. मात्र सिलिंडर धंद्याचाच, १९ किलोचा हवा. ओव्हनातला पंखा विजेवर चालतो का, तेही विचारा.

पैसे देण्यापूर्वी आपलंच पीठ नेऊन तिथं भाजून पाहा. चारी कोपऱ्यांतला माल सारखा भाजला, तरच व्यवहार करा.