कुंचल्याची पारख

प्रसाधनांच्या दुकानांत आजकाल कुंचल्यांच्या पेट्या मांडलेल्या असतात. एकेका पेटींत बारा, अठरा, चोवीस कुंचले. कांहीं कमळासारखे फुललेले, कांहीं काडीसारखे बारीक. लग्नसराईंत घरची एखादी मुलगी अशी पेटी घेऊन येते, आणि वर्षानंतर पाहावें तों त्यांतले चार कुंचले झिजलेले व बाकीचे जसेच्या तसे कोरे! हा दोष मुलीचा नव्हे. कोणता कुंचला कोणत्या कामाचा, हें विकणाऱ्यानें सांगितलेलें नसतें व घेणाऱ्यानेंही विचारलेलें नसतें. सुताराच्या पेटींत पटाशीचें काम निराळें व रंध्याचें निराळें, तसेंच येथेंही आहे. आणि तें समजून घेण्यास मोठ्या विद्येची गरज नाहीं.

खरें पाहतां मनुष्याचें बोट हाच पहिला कुंचला होय. जुन्या पिढीच्या स्त्रिया कपाळावर आधीं बोटानें मेण लावीत व त्यावर कुंकू दाबीत. मेणावांचून कोरडें कुंकू कपाळावर ठरत नसे. या साध्या रीतींत रंगभूषेचें मूळ तत्त्व आहे: चिकट पदार्थ निराळा, कोरडी पूड निराळी, आणि दोहोंची तऱ्हाही निराळी. केरळांतील कथकळीचे कलावंत चेहऱ्यावरील बारीक रेषा नारळाच्या हिराच्या काडीनें काढतात. कारण रेषेला टोंक हवें, पिसारा नको. साधन महाग कीं स्वस्त हा प्रश्न नंतरचा. तें कामाला जुळतें कीं नाहीं, हा आधींचा.

म्हणून कुंचला घेतांना पहिला प्रश्न हा: लावावयाचें आहे तें कोरडें कीं ओलें? शेळी, खार, घोडा इत्यादि प्राण्यांच्या केंसांवर सूक्ष्म खवले असतात. त्यांत पूड अडकते व चेहऱ्यावर कुंचला फिरवितांच थोडी थोडी सुटते. पावडर व गालांवरची कोरडी लाली यांस असा केंस चांगला. परंतु तोच केंस क्रीम किंवा पातळ फाउंडेशन यांत बुडविला, तर तो तें शोषून घेतो, त्याच्या जटा होतात, आणि पुष्कळसा माल कुंचल्याच्याच पोटांत जातो. तेथें कृत्रिम तंतु बरा. तो गुळगुळीत असल्यामुळें कांहीं पीत नाहीं व लवकर स्वच्छ होतो. नायलॉनचे तंतु १९३८ सालीं दांत घासण्याच्या ब्रशांतून प्रथम बाजारांत आले. आज कृत्रिम तंतूंचीं टोंकें इतकीं निमुळतीं करतां येतात कीं पावडरीसाठींही ते उत्तम चालतात.

दुसरा प्रश्न: रंग पसरावयाचा कीं एका जागीं बसवावयाचा? केंस लांब व विरळ असले म्हणजे रंग फिका पसरतो. आंखूड व दाट असले म्हणजे गडद व नेमका बसतो. हा एक नियम ध्यानांत ठेवला कीं सारी पेटी उलगडते. सर्व चेहऱ्यावर पावडर फिरविण्यास मोठा, गोल, फुललेला कुंचला; गालांसाठीं त्याहून लहान व तिरका; डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें झांकण्यास बोटाच्या पेराएवढा, दाट; पापणीवर रंग बसविण्यास चपटा, आणि त्याच रंगाची कडा पुसट करण्यास मोकळ्या केंसांचा; पापणीच्या कडेची रेषा काढण्यास सुईसारखा.

आतां गरज ज्याची त्याची. नटाच्या भुंवया शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाला दिसावयाच्या असतात, म्हणून त्याला ताठ, चपटा कुंचला व ठळक रेषा लागते. तीच ठळक रेषा वधूच्या चेहऱ्यावर ओढली, तर हातभर अंतरावर बसलेलीं माणसें दचकतील. रोज कचेरींत जाणाऱ्या स्त्रीला पावडरीचा, लालीचा, पापणीचा व रेषेचा, असे चार कुंचले पुरतात. पुरळ आलेल्या त्वचेला अतिशय मऊ कुंचला हवा. सांधे धरलेल्या वृद्ध बाईला जाड दांड्याचा कुंचला सोईचा. बारीक दांडा बोटांत ठरत नाहीं.

तिसरा प्रश्न दुकानांत सहसा कोणी विचारीत नाहीं: हा केंस कोणाचा? आपल्या देशांत चित्रकारांच्या कुंचल्यांसाठीं मुंगसाचा केंस फार वापरला गेला, आणि त्या मूठभर केंसांपायीं असंख्य मुंगसें मारलीं गेलीं. मुंगसास आतां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आश्रय आहे. त्याच्या केंसाचा व्यापार हा गुन्हा आहे. तरीही चोरटा धंदा चालूच राहिला, आणि २०१९ सालीं महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सरकारला छापे घालावे लागले. पापणीची रेषा काढण्यास कित्येक जण चित्रकलेचाच बारीक कुंचला घेतात, म्हणून ही गोष्ट आरशापुढें बसणाऱ्यांच्याही दारापर्यंत येते. केंस कोणाचा हें विक्रेत्याला सांगतां येत नसेल, तर निःशंकपणें कृत्रिम तंतूचा कुंचला घ्यावा. शेतांतल्या सापाशीं झुंजणाऱ्या जिवाचा बळी देऊन डोळ्यांस शोभा आणण्याचें कारण नाहीं.

पारख कशी करावी, हें जपानांतील कुमानो गांवच्या कारागिरांपासून शिकण्यासारखें आहे. हिरोशिमा प्रांतांतील हें गांव कुंचल्यांसाठींच प्रसिद्ध आहे. रंगभूषेच्या कुंचल्याचा आकार ते केंसांचीं टोंकें कात्रीनें छाटून देत नाहींत. केंस जुळवून, मूळचीं निमुळतीं टोंकें राखून, आकार साधतात. कापलेलें टोंक त्वचेला टोचतें, न कापलेलें टोंचत नाहीं. २०११ सालीं जपानच्या महिला फुटबॉल संघानें विश्वचषक जिंकला, तेव्हां सरकारी सन्मानाबरोबर खेळाडूंना याच गांवचे कुंचले भेट मिळाले. दुकानांत कुंचला गालावर फिरवून पाहावा. टोचला तर ठेवून द्यावा. केंस हलकेच ओढावे. हातांत आले तर घेऊं नये. दाबून सोडावा, केंस पुन्हां उभे राहिले पाहिजेत. केंस व दांडा जोडणारी धातूची नळी डळमळतां कामा नये.

शेवटची गोष्ट आरोग्याची. उत्तमांतला उत्तम कुंचलाही मळला कीं अपायकारक होतो. अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांची संस्था सात ते दहा दिवसांनीं कुंचले धुण्याचा सल्ला देते. कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. केंस खालच्या बाजूस धरून धुवावे, नळींत पाणी जाऊं देऊं नये, नाहीं तर आंतला डिंक सुटतो. मग आडवा ठेवून वाळवावा. डोळे आले असतां डोळ्यांचा कुंचला कोणाला देऊं नये, कोणाचा घेऊंही नये. मंगलकार्यांत एकाच कुंचल्यानें पांच-सहा जणींच्या पापण्या रंगविल्या जातात, तेथें घरच्या वडील मंडळींनीं "तो धुतला आहे ना?" एवढें विचारण्याचा संकोच धरूं नये. चोवीस मळक्या कुंचल्यांपेक्षां चार स्वच्छ कुंचल्यांनीं केलेला साज अधिक खुलतो, आणि दुसऱ्या दिवशीं डोळेही निर्मळ राहतात.