दक्षिण कोकणात आम्ही काय पाहिले
(मंडळाच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आपली सहल सिंधुदुर्ग जिल्ह्यात जाऊन आली. फोटो सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेच आहेत, तेव्हा फोटोत जे येत नाही तेवढेच आज सांगणार आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे मराठवाड्यातली. कोणी नांदेडचे, कोणी बीडचे, कोणी लातूरचे. त्यामुळे सहल ठरताना काही जणांनी विचारले होते, "कोकणात आपले काय आहे?" प्रश्न रास्त होता. शिवाय चार दिवस स्थानिक वाटाड्या घ्यायचा म्हटल्यावर वर्गणी वाढली आणि थोडी कुरकुर झाली. ती पहिल्याच दिवशी थांबली.

सोलापूर, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरलो आणि तासाभरात काळी जमीन संपून तांबडी सुरू झाली. वाटाड्याने आम्हाला समुद्राकडे न नेता आधी मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर नेले. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. ना झाड, ना सावली. आमच्यातले काही जण सरकारी कागदांत आयुष्य काढणारे. अशी जमीन दिसली की आम्ही 'पडीक' किंवा 'पोटखराब' लिहून मोकळे होतो. वाटाड्याने सगळ्यांना चपला काढायला लावल्या. सकाळचे ऊन तिरपे होते, म्हणून पायाशी कोरलेल्या रेषा दिसू लागल्या. माणसे, प्राणी आणि ज्यांचा अर्थ अजून नीट लागलेला नाही अशा आकृत्या. इतिहासपूर्व काळातली ही कातळशिल्पे. 2022 साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, त्यात कुडोपीही आहे. वाटाड्या म्हणाला, पावसाचे पाणी याच जांभ्यातून मुरते आणि खालच्या वाडीतल्या विहिरींना लागते. पावसाळ्यात इथल्या बोटभर मातीत रानफुले उगवतात. सडा खणून काढला तर वरची चित्रे जातील आणि खालच्या विहिरीही आटतील. 'पडीक' हा शब्द पुन्हा लिहिताना आमचा हात थोडा अडखळेल.

दुसऱ्या दिवशी मालवणहून होडीने सिंधुदुर्ग पाहिला. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. पायात शिसे ओतले, तट नागमोडी नेला, दरवाजा असा आडोशाला ठेवला की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वाटाड्याने मुलांना विचारले, "चारी बाजूंनी खारे पाणी, मग लोक प्यायचे काय?" उत्तर आतच होते: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. बेटाभोवती पाण्याखाली खडक आहेत. वाट ठाऊक नसलेल्या जहाजाला ते धोक्याचे, किल्ल्याला मात्र राखणदार. महाराजांनी जागा निवडताना पाणी, खडक आणि वारा आधी वाचला असला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी वाघोटण खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग. 1756 साली इंग्रजांनी घेईपर्यंत हे आंग्र्यांच्या आरमाराचे बळकट ठाणे होते. किल्ल्याजवळ समुद्रात बुडालेली दगडी भिंत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासात आढळले आहे. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. तिथे आमच्याबरोबरच्या आठवीतल्या एका मुलाने कान टवकारले, कारण वाटाड्या पुढे म्हणाला, "हीच सावली पुढे विजापूरवरून गुंटूर आणि मछलीपट्टणला गेली." गुंटूरला त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन दुर्बीण लावून बसले होते. त्या ग्रहणात सूर्यप्रकाशात दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम हे नवे मूलद्रव्य ओळखले गेले. गुंटूर तर आपल्या मुलांच्या वर्गमित्रांचे आजोळ! "कोकणात आपले काय" हे त्यानंतर कोणी विचारले नाही. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले 2025 च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेले, हेही इथे नोंदवून ठेवतो.

शेवटच्या दिवशी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत कांदळवनाची फेरी केली. ती तिथल्या महिला बचत गटाच्या बायका चालवतात. वल्ही त्यांच्या हातात आणि माहितीही त्यांच्याच तोंडून. चिखलातून वर आलेली मुळे श्वास घेतात, त्यांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात, वादळात हीच झाडे किनारा धरून ठेवतात. मालवणी बोली मुलांना आधी कळेना. परतताना मुले आपसात "खंय चललंस?" असे एकमेकांना विचारू लागली होती. घरी मराठीत उत्तर द्यायला कंटाळणारी हीच मुले, हे त्यांच्या आईवडिलांना सांगायला नको.

आता मंडळापुढे एक सूचना. वाटाड्या मिळाला म्हणून उघड्या कातळात आम्हाला चित्रे दिसली. आपल्या गावात असा वाटाड्या कोण? हैदराबादचे ग्रॅनाइटचे खडक सुमारे 250 कोटी वर्षांचे आहेत आणि प्लॉट पाडताना रोज फुटत आहेत. 28 सप्टेंबर 1908 च्या मुसीच्या महापुरात ज्या चिंचेवर चढून दीडशे माणसे वाचली असे सांगतात, ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. आपल्या किती मुलांनी ते पाहिले आहे? त्या पुरानंतरच उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. आणि सरूरनगरच्या तलावाकडे आपण वर्षातून एकदा, विसर्जनाच्या दिवशीच नीट पाहतो.

पहिल्या रांगेत बसलेल्या आजी-आजोबांनी दिलसुखनगरात शेते पाहिली आहेत. कोणता ओढा कुठून वाहायचा, कोणती विहीर कुठे बुजवली, हे त्यांना ठाऊक आहे. कोणत्याही कागदात ते लिहिलेले नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मुलांना घेऊन त्यांच्याबरोबर तलावाला एक फेरी मारू. चालवत नसेल त्यांच्यासाठी रिक्षा ठेवू. वर्गणी नाही. नावे आज कार्यवाहांकडे द्यावीत, आणि दोघांनी वही-पेन घेऊन यावे, म्हणजे आजी-आजोबा सांगतील ते लिहून ठेवता येईल.

गणपती बाप्पा मोरया!